चौदा नंबरची फरशी

१ फेब्रुवारी, रविवार

ही वही कामाची मापं लिहायला आणली. पहिल्या दोन पानांवर मापंच आहेत. तिसऱ्यावर हे लिहितोय, कारण दुपारपासून डोक्यात काहीतरी अडकलंय आणि ते कुठल्याच मापात बसत नाही.

आज साडूकडे गेलो होतो. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वीज कचेरीत कारकून होता, आता निवृत्त. भिंतीत खिळा मारायचा असला तरी मला बोलावतो. असा माणूस रस्त्यापलीकडच्या जुन्या वसाहतीत राहतो. आणि मी, कुणाच्या हाताखाली एक दिवस न काढता, फक्त ओळंबा आणि पाणसळ यांना गुरू करून सव्वीस वर्षं फरश्या घालणारा, एका सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक चालवून न घेणारा, या गल्लीत राहतो. देणाऱ्याने देताना पत्ता बघितला नसावा.

वसाहतीत अठ्ठावीस घरं. बैठी, प्रत्येकापुढे अंगण. घरं रहिवासी मंडळाच्या मालकीची, राहणाऱ्याला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने. शिवाय तिथे एक रीत आहे. प्रत्येक घराने मंडळाचं एक काम अंगावर घ्यायचं. कुणाकडे झाडं, कुणाकडे रस्त्यावरचे दिवे, कुणाकडे सामाईक शिडी आणि करवत. एका घराचं काम इतकंच, की सकाळी नऊनंतर कुणाच्या दारात वर्तमानपत्र तसंच पडलेलं दिसलं, तर जाऊन कडी वाजवायची.

साडूकडे किल्ल्या आहेत. अठ्ठावीस घरांच्या जादा किल्ल्या त्याच्या जेवणाच्या टेबलामागे फळीवर टांगलेल्या, खाली नंबर. मी जेवलो, पण लक्ष फळीवर. अठ्ठावीस घरांनी या माणसाच्या हाती आपलं दार दिलंय. ज्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, त्याच्या हाती. माझ्या गल्लीत मला कुणी छत्रीसुद्धा सांभाळायला देणार नाही. देऊ नये. मीही कुणाची ठेवून घेणार नाही.

निघताना साडू सहज बोलल्यासारखं बोलला, चौदा नंबर रिकामं होतंय. लेकाकडे जातायत ते लोक.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घालत होतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

ही फार बोलत नाही. आज बोलली.

मागच्या वर्षी गल्लीतल्या गटाराच्या फुटक्या झाकणावर पाय पडून ही पडली. वीस मिनिटं पडून होती. सकाळचे साडेदहा, सगळ्यांची दारं उघडी. मी कामावर. शेवटी एक अनोळखी पोस्टमन आला, त्याने उठवलं. पाय अजून थंडीत दुखतो. आज कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, तिकडे असते तर वीस मिनिटं पडून राहिले नसते. ताईला नुसती शिंक आली तरी दोन घरं विचारतात.

मी म्हटलं, ही गल्लीच नालायक. माणुसकी म्हणून नाही.

"गल्लीचं कशाला बोलता," ती म्हणाली. "कोण येणार होतं? तुम्ही कुणाशी धड बोलता का?"

याचा पडण्याशी काय संबंध ते मला कळलं नाही. झाकण फुटलंय हे नगरपालिकेला तीनदा लेखी कळवणारा सगळ्या गल्लीत मी एकटाच.

पण अर्ज करायचा ठरलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अर्जाचा कागद साडूने आणून दिला. वाचला आणि डोकं तापलं. नाव, व्यवसाय, माणसं किती, हे ठीक. शेवटचं कलम असं, की मंडळाच्या दोन व्यक्ती अर्जदाराच्या सध्याच्या शेजाऱ्यांना भेटून चौकशी करतील. अर्जदाराने त्या वेळी हजर राहू नये.

साडूला म्हटलं, हे काय? मला विचारा, माझं काम बघा, मी घातलेल्या फरशीवर गोटी ठेवून बघा. शेजाऱ्यांना कसलं विचारायचं?

"साडूसाहेब, घर तुमच्या कामाला नाही ना द्यायचं," तो म्हणाला. "शेजारी म्हणून द्यायचंय."

वर म्हणाला की तो स्वतः यातून बाजूला राहणार, नातेवाईक म्हणून. नियमच आहे. बघा, नियमावर बोट ठेवून स्वच्छ हात वर केले.

असो. माझ्याविरुद्ध बोलण्यासारखं कुणाकडे काही नाही. मी भांडत नाही, आवाज चढवत नाही. जे सांगायचं ते लेखी सांगतो. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, सगळे तिला सिस्टर म्हणतात. तिची अंथरुणाला खिळल्यासारखी म्हातारी आई सोबत असते. सहा वर्षांत सिस्टरला तीन नोटिसा दिल्या आहेत. एक, कुंड्यांचं पाणी माझ्या ओट्यावर ठिबकतं, दिवसाला साधारण चाळीस थेंब. दोन, खाट सरकवण्याचा आवाज. तीन, जिन्यात चपला. तिन्हींना तारीख आहे, तिन्हींची प्रत माझ्याकडे आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

चौदा नंबरकडे काम आहे ते जाळ्यांचं. वसाहतीतल्या सगळ्या गटारांच्या जाळ्या साफ ठेवायच्या, पाणी कुठे तुंबतं ते बघायचं. जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेलं काम. पाण्याचा ढाळ मला जितका कळतो तितका त्या अठ्ठावीस घरांत मिळून कुणाला कळत नसेल.

सकाळी फेरफटका मारायच्या मिषाने पाणसळ आणि सुतळी घेऊन वसाहतीत गेलो. चार तास मोजत होतो. मनातून फार वाटत होतं की काहीतरी मोठं चुकलेलं सापडावं. सापडलंही. सात नंबरपुढे रस्त्याला मधे फुगून पोट आलंय. अकराच्या कोपऱ्यावरची जाळी बाजूच्या जमिनीपेक्षा उंच, म्हणजे पाण्याने चढून जायचं की काय? वाचनालयाच्या पायरीचा उतार भिंतीकडे. मला इतका आनंद झाला की भूक लागली.

घरी येऊन नऊ पानी अहवाल लिहिला, आकृत्यांसह. अर्जाला जोडला. ही म्हणाली, घर मागायला जाताना त्यांच्या चुका घेऊन जाताय? मी म्हटलं, माणूस कामाचा आहे हे कसं कळणार मग?

१४ फेब्रुवारी, शनिवार

संताप.

मंडळाच्या सेक्रेटरीबाई, या पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांचं पत्र आलं. अहवालाबद्दल आभार. सभेत मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. अकराची जाळी मंगळवारीच खाली घेतली, पायरी शुक्रवारी दुरुस्त झाली, रस्त्याचं पोट पुढच्या महिन्यात.

मी जाऊन बघून आलो. खरंच केलंय. पाणी ओतून पाहिलं, झर्रकन गेलं.

आमच्या गल्लीतलं झाकण अजून फुटकंच आहे. चौदा महिने झाले. आणि यांना मी चूक दाखवली तर सहा दिवसांत त्यांची वसाहत आणखी चांगली झाली. ती माझ्यामुळे. राहणार ते.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज चौकशीला आले. सेक्रेटरीबाई आणि एक उंच गृहस्थ, ज्यांच्याकडे दिव्यांचं काम आहे. हजर राहायचं नाही म्हणून मी घरात पडद्याआड बसलो. त्याला काही हजर राहणं म्हणत नाहीत.

तळाच्या दुकानदाराकडे चार मिनिटं. समोरच्या घरी सहा. मग जिना चढून वर, सिस्टरकडे. तिथे बेचाळीस मिनिटं. बेचाळीस मिनिटं माझ्याविषयी काय बोलत असतील? तीन नोटिसा वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हातारीचं हसू ऐकू आलं. निघताना सेक्रेटरीबाई जिन्यात थांबून सिस्टरशी हळू आवाजात बोलत होत्या. शब्द लागला नाही.

हिने मला पडद्यामागून उठवलं. चहा घ्या म्हणाली.

१ मार्च, रविवार

चौदा नंबर सिस्टरला दिलं.

वरचं वाक्य लिहून अर्धा तास झाला.

झालं असं. माझी चौकशी करायला आले, तेव्हा त्यांना दिसलं की तिची आई सात महिन्यांत एकदाही खाली उतरलेली नाही. जिना उतरवत नाही तिला. चौदा नंबर बैठं. मग सेक्रेटरीबाईंनीच तिला विचारलं, तुम्ही का नाही अर्ज करत? तिने केला. आठवड्यात मंजूर. मला पत्र आलं दोन ओळींचं. खेद. कळवळा. पुढे कधी घर रिकामं झालं तर जरूर अर्ज करावा.

मी अर्ज केला नसता तर त्या दोघांनी या गल्लीत पाऊल टाकलं नसतं. माझ्या अर्जाच्या पायऱ्या चढून ती माझ्या घरात गेली. माझंच ते, आतापर्यंत मी मनात तिथल्या तिन्ही खोल्यांच्या फरशा बदलल्यासुद्धा होत्या.

आणि तिचं तोंड कसं तर काही घडलंच नाही असं. संध्याकाळी खाली येऊन मला म्हणाली, "मिस्त्री, मी मागायला गेले नव्हते. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते."

मी म्हटलं, अभिनंदन. दार लावून घेतलं. जोरात नाही लावलं. मी आवाज चढवत नाही.

३ मार्च, मंगळवार

साडूकडून काढून घेतलं. सांगायला तयार नव्हता, गोपनीय म्हणे. मी म्हटलं, अठ्ठावीस किल्ल्या सांभाळता, एक गोष्ट सांभाळताना जड होतेय ती माझ्याकडे द्या. हसला आणि बोलला.

सिस्टर म्हणाली होती, "काम बघायचं तर यांच्यासारखा माणूस नाही. जिन्याच्या पायऱ्यांना यांनीच खाचा मारल्यात, मालकाने सांगितलं नसताना, म्हणून आई आजवर पडली नाही. शेजारी म्हणून विचाराल तर सहा वर्षांत तीन नोटिसा आल्या, एकदाही 'कशा आहात' असं आलं नाही."

कसं बघा. आधी साखर पेरायची, मग त्यात सुई टाकायची. कशा आहात! बोलून का माणूस कसा आहे ते कळतं? मला तिचे पाय वाजताना कळतं ती कामावर गेली की आली. आजारी असली की खाट सरकत नाही, तेही कळतं. मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत असतं.

ही ऐकत होती. म्हणाली, खरं तेच बोलली ना.

हिलाही ती आवडते, असं दिसतं. आवडू दे.

६ मार्च, शुक्रवार

आता याला काय म्हणायचं? नवा माणूस राहायला यायच्या आधी मंडळ त्या घराची डागडुजी करून देतं. चौदा नंबरची बाथरूम जुनी, गुळगुळीत. म्हातारीसाठी खरखरीत फरशी हवी. सभेत ठरलं की काम त्या नऊ पानी अहवालवाल्या मिस्त्रींनाच द्यावं. सिस्टरने स्वतः सुचवलं म्हणे.

ही म्हणाली, नका घेऊ, तुमचं मन थाऱ्यावर नाही.

मी घेतलं. बघू तरी द्या मला ते घर आतून.

१० मार्च, मंगळवार

घर बघितलं. बघायला नको होतं.

स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पूर्वेला नाही, सात-आठ अंश सरकलेली, म्हणून सकाळचं ऊन ओट्यावर तिरपं येतं आणि डोळ्यांत जात नाही. कुणी विचार करून ठेवलीय. अंगणातला नळ उंबऱ्यापासून चार पावलांवर. हिच्या पायाला चार पावलं जमली असती.

जुनी फरशी उखडत होतो तर तीन माणसं येऊन गेली. एकाने पाणी हवं का विचारलं. एक बाई सांगून गेल्या की दुपारी दोन ते चार हातोडा बंद ठेवा, पलीकडे लहान मूल झोपतं, तोवर आमच्याकडे बसा. तिसऱ्याने भंगार न्यायला गाडा आणून ठेवला, न सांगता. आमच्या गल्लीत मी हातोडा उचलला की लोक खिडक्या लावतात.

हे सगळं सिस्टरला रोज मिळणार. तिला त्यातलं निम्मं लक्षातही येणार नाही. ती दमून येऊन झोपणार. मला प्रत्येक गोष्ट मोजता आली असती.

१२ मार्च, गुरुवार

आज केलं ते लिहितो. वही माझी, दुसरं कुणी वाचत नाही.

बाथरूमच्या फरशीचा ढाळ जाळीकडे द्यायचा असतो, एका फुटाला एक सूत. हे मी झोपेतही करतो. आधी चार कोपऱ्यांत सिमेंटच्या मसाल्याचे गोळे ठेवायचे, त्यांची उंची पाणसळीने ठरवायची, मग त्या उंचीत बाकीचं भरायचं. आज दाराकडचे दोन गोळे मी जाळीपेक्षाही दोन सूत खाली दाबले. अंगठ्याने. चुकून नाही. दाबले, पाणसळ ठेवली, बुडबुडा उलट्या बाजूला गेला, आणि मी पाहत राहिलो.

मग वरून फरशी घातली. एक एक तुकडा रबरी हातोडीने ठोकून, सांधे सरळ, सुतात. इतकं सुबक काम पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. कुणाला कळणार नाही. राहायला आल्यावर कळेल. पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याशी थांबेल, पुसावं लागेल, रोज, दिवसातून दोनदा. मग सिस्टर, तक्रारीचं पत्र घेऊन कुणाकडे जाशील? मिस्त्रीने घातलीय, नऊ पानांचा अहवाल लिहिणाऱ्याने.

दुपारी एक तांब्या पाणी ओतून पाहिलं. दाराशी आलं आणि थांबलं. तळहाताएवढं तळं. ते तसंच टाकून आलो.

जेवण गेलं. म्हणजे, चांगलंच गेलं.

१४ मार्च, शनिवार

वसाहतीतले चौघे आले, एक मजबूत खुर्ची घेऊन. सिस्टरच्या आईला घर दाखवायला न्यायचं होतं. हेही तिथे कुणाच्या तरी वाट्याचं काम असणार. दोघे पुढे, दोघे मागे, म्हातारी मधे, जिन्यावरून खाली. ही दार उघडून उभी होती म्हणून मलाही उभं राहावं लागलं.

आमच्या दारापुढे म्हातारीने खुर्ची थांबवायला लावली. मला नीट बघून घेतलं. सहा वर्षं माझ्या डोक्यावर राहणारी बाई, मी चेहरा आज नीट पाहिला.

"तूच का रे फरशीवाला?" म्हणाली. "पायऱ्यांना खाचा तूच मारल्यास ना? डोळ्यांना दिसत नाहीत मला. पायाला कळायच्या. एक, दोन, तीन, आणि मग वळण. आता तिकडची बाथरूमपण तूच केलीस म्हणे. मग मी एकटी जाईन आत. लेकीला हाका मारणार नाही."

मी म्हटलं, हो.

दुसरं काय म्हणणार होतो? हो म्हटलं. खुर्ची पुढे गेली. हिने मला विचारलं, बरं वाटत नाही का.

१५ मार्च, रविवार

सकाळी सहाला छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. साडूकडून चौदाची किल्ली मागितली. त्याने विचारलं, काम तर झालं ना? मी हात पुढे केला, त्याने किल्ली दिली.

इथे एक स्पष्ट करतो. म्हातारीच्या बोलण्याने विरघळलो वगैरे काही नाही. उलटा ढाळ माझ्या हातचा जगात राहावा, हे मला सोसवेना, एवढंच. रात्रभर तोच बुडबुडा दिसत होता.

मी बऱ्यापैकी फोडलं होतं तेवढ्यात सिस्टर दारात. पडद्यांची मापं घ्यायला आली होती. उखडलेल्या फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. मला तिने विचारायला हवं होतं. गप्प उभी राहिली की माणसाला आपणहून बोलावं लागतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं. ढाळ उलटा पडला."

सव्वीस वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे बोललो नव्हतो. आणि बोललो तेही खोटं. खरंच चुकला असता तर नुसती लाज वाटली असती. हे त्याहून वाईट, आणि मी आपली मिस्त्री म्हणून असलेली अब्रू पुढे करून त्यामागे लपलो.

ती म्हणाली, "होतं कधी कधी." मग राडारोड्याची पाटी उचलून बाहेर नेऊन टाकली. दुसरी भरली. पाच पाट्या झाल्या. कामावर जायची वेळ झाली तेव्हा गेली.

१७ मार्च, मंगळवार

झालं. एका फुटाला एक सूत. बादलीभर पाणी ओतलं, जाळीपाशी गेलं, कुठेही थांबलं नाही. तीनदा ओतलं. मग चपला काढून स्वतः उभा राहिलो, डोळे मिटून. पायाला कळतं.

२९ मार्च, रविवार

सिस्टर गेली. सामान न्यायला वसाहतीतून नऊ माणसं. नऊ! दोन तासांत वरचा मजला रिकामा. आता वर कुणी चालत नाही. खाट सरकत नाही. ओट्यावर पाणी ठिबकत नाही. याचाच मला त्रास होता ना? झालं मग.

संध्याकाळी ही म्हणाली, फार शांत वाटतंय.

५ एप्रिल, रविवार

साडूने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. गेलो तर सेक्रेटरीबाई बसलेल्या.

सगळ्या वसाहतीत गोष्ट पसरली आहे म्हणे. दोन सुतांचा फरक राहिला म्हणून मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने घातलेली फरशी स्वतः फोडली आणि पुन्हा घातली, कुणी न सांगता. अशी माणसं आजकाल कुठे? साडूने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो माझ्याकडे हेव्याने बघत होता. मला ओळखता येतं, मी त्यातला जाणकार आहे. इतकी वर्षं हेच हवं होतं मला, त्याच्या तोंडावर हे बघायला. आणि बघून मी कप बाजूला ठेवला.

बाईंनी बोलता बोलता कागद पुढे केला. जूनमध्ये बावीस नंबर रिकामं होतंय. परत गल्लीत चौकशीला येणार नाही. तुमची जुनी शेजारीण आता आमचीच सभासद आहे, तिची एक सही पुरे.

ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लग्नाआधी मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हाही तसंच करत होती.

रस्ता ओलांडताना म्हणाली, "तिची सही म्हणजे मिळालंच की."

६ एप्रिल, सोमवार

सकाळी हिला सगळं सांगितलं. गोळे, अंगठा, तांब्याभर पाणी, सगळं. ऐकून घेतलं. टेबलावरचा अर्जाचा कागद उचलून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणजे जा.

चौदा नंबरला गेलो. म्हातारी अंगणात खुर्चीवर उन्हाला बसली होती. शेजारच्या बाई तिच्याशी गप्पा मारत होत्या. सिस्टर कामावरून नुकतीच आलेली. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. चुकलं नव्हतं, केलं होतं. घर तुम्हाला मिळालं म्हणून केलं होतं.

ती भांडी पुसत होती, पुसत राहिली.

"माहीत होतं," म्हणाली. "त्या गुरुवारी संध्याकाळी मी आले होते. ओट्याचं माप घ्यायला. पाणी दाराशी साचलेलं होतं. तुमचा हात चुकत नाही, मिस्त्री. सहा वर्षं तुमच्या नोटिसा वाचल्यात मी, त्यात साधी खाडाखोड नसते. तेव्हाच कळलं. पोछा मीच मारला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. सोमवारी सेक्रेटरीबाईंना सांगणार होते. तुम्ही रविवारी फोडली."

मग लोकांत ही माझ्या कौतुकाची गोष्ट कुणी पसरवली? तर तिने नाही. तिच्या आईने. आईला खरं सांगितलेलं नाही, आणि सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं. नोटीस दिल्यासारखंच बजावलं.

मी कागद ओट्यावर ठेवला. म्हटलं, तुम्हाला ठीक वाटेल ते करा.

तिने कागद वाचला. माझ्यापेक्षा सावकाश वाचला. मग तसाच परत दिला.

"सही करीन," ती म्हणाली. "पण यंदा नाही. पुढच्या वर्षी अर्ज करा, तेव्हा करीन. वहिनींना सांगा, राग नाही. त्यांना रोज दुपारी इथे येऊन बसायला सही लागत नाही."

हिचा पाय, बावीस नंबर, जून महिना, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पूर्वीचा मी असतो तर लेखी विचारलं असतं, एक वर्ष कुठल्या हिशेबाने? आज विचारलं नाही, कारण मनातल्या मनात मी तोच प्रसंग उलटा करून पाहिला. घर माझं, उंबऱ्याशी पाणी तिने साचवलेलं, आणि हा कागद तिने माझ्यापुढे धरलेला.

मी असतो तर दोन वर्षं लावली असती.